शाप देणारी आधी स्वतःबद्दल का बोलते?

प्रश्न थोडक्यात असा आहे: लोककथांमधले शाप गोळा करताना दिसतं, की शाप देणारी बाई थेट शाप देत नाही. 'मी पतिव्रता असेन तर', 'मी अमक्याची लेक असेन तर' अशी सुरुवात करते आणि मग शाप देते. हे नुसतं बोलण्याचं वळण आहे की त्याला काही अर्थ आहे? आणि एरवी 'मी' म्हणायलाही कचरणारी बाई शाप देताना स्वतःबद्दल इतकं ठासून कशी बोलते? शेवटी एक पुरवणी प्रश्नही आहे: म्हैसूरचा प्रसिद्ध शाप या चौकटीत बसत नाही, त्याचं काय?

बोलण्याचं वळण म्हणून ते सोडून देऊ नका. शापाचं सगळं बळ त्या 'असेन तर'मध्येच असतं. पुढचं 'तुझा निर्वंश होईल', 'तुझ्या अन्नात माती कालवली जाईल' हे कुणीही कुणाला म्हणतं. बाजारात, नळावर, बांधाच्या भांडणात रोज म्हणतात आणि काही होत नाही, हेही सगळ्यांना ठाऊक असतं. कथेतला शाप लागतो, कारण बोलणाऱ्याने स्वतःबद्दलचं एक विधान पणाला लावलेलं असतं. ते विधान खरं असेल तर शाप खरा.

याचा सर्वांत नितळ नमुना नलदमयंतीच्या कथेत आहे. रानात अजगराने धरलेल्या दमयंतीला एक व्याध सोडवतो, तिची कहाणी ऐकतो आणि मग तिच्यावरच वाईट नजर टाकतो. ती त्याला दुष्ट, पापी असं काही म्हणत बसत नाही. तिचं वाक्य एवढंच: ज्याअर्थी नलाखेरीज दुसऱ्या कुणाचा विचार माझ्या मनातही आलेला नाही, त्याअर्थी हा क्षुद्र शिकारी मरून पडो. आणि तो पडतो. वाक्याचा पहिला अर्धा भाग तिच्याबद्दल आहे, शाप फक्त दुसऱ्या अर्ध्यात. संस्कृतात या बांधणीला यथा-तथा असे दोन खांब असतात. आपल्या कहाण्यांमध्ये तेच 'असेन तर' होऊन येतं. हीच बांधणी वर द्यायलाही चालते. उत्तरेचं मेलेलं बाळ जिवंत करताना कृष्ण काय म्हणतो? मी थट्टेतही खोटं बोललेलो नाही, त्या सत्याने हे बाळ उठो. म्हणजे शाप आणि वर यांचं यंत्र एकच, कळ फक्त उलटी फिरवलेली.

गांधारीचा शापही असाच बघा. स्त्रीपर्वात कृष्णाला शाप देण्याआधी ती हिशोब मांडते: पतीच्या सेवेतून जे काही तप मी मिळवलं असेल, त्याच्या बळावर. मग छत्तीसाव्या वर्षी तू स्वतःच्या कुळाचा नाश करशील, हे येतं. इथे ती स्वतःला शंभर पुत्रांची माता म्हणवत नाही. राणी म्हणूनही शाप देत नाही. खर्च करते ते फक्त पत्नी म्हणून साठवलेलं. ही निवड कथेने विचार करून केलेली आहे. मुलं गेली, राज्य गेलं. शिल्लक होती ती डोळ्यांवरची पट्टी.

आता याची दुसरी बाजू. स्वतःबद्दल खोटं सांगितलं तर? कर्णाला परशुरामाचा शाप का मिळाला, हे आपल्याकडे भुंग्याच्या गोष्टीपुरतं लक्षात राहतं. मूळ दोष भुंग्याचा नाही. अस्त्रविद्या मिळावी म्हणून कर्णाने 'मी भार्गव गोत्राचा ब्राह्मण' अशी ओळख सांगितली होती. किड्याने मांडी पोखरली, रक्त गुरूच्या अंगाला लागलं, तरी हा हलला नाही. तेव्हा परशुराम म्हणाला, इतकी वेदना ब्राह्मण सोसणार नाही, खरं सांग कोण आहेस. शापही अगदी मोजून दिलेला आहे: खोट्या ओळखीवर मिळवलेली विद्या ऐन वेळी आठवणार नाही. कर्णाचं अख्खं आयुष्य 'तू कोण?' या एका प्रश्नाभोवती फिरतं. सूतपुत्र म्हणावं तर दार बंद, ब्राह्मण म्हणावं तर शाप, आणि कौंतेय म्हणायची वेळ आली तेव्हा उशीर झालेला. म्हणून त्याच्या कथेतला हा शाप, त्याच्या हातून चुकून मेलेल्या गाईच्या मालकाने दिलेल्या दुसऱ्या शापापेक्षा मला अधिक खोल वाटतो. तो दुसरा शाप अपघाताचा आहे, हा ओळखीचा.

आणि ओळख सांगूनही कुणी ऐकली नाही तर? शाकुंतलाच्या चौथ्या अंकात दुर्वास दारात येऊन 'अयमहं भोः' म्हणतो, म्हणजे 'अहो, हा मी आलोय'. शकुंतला दुष्यंताच्या विचारात, तिला ऐकू येत नाही. मग शाप येतो, की ज्याच्या विचारात तू मला ओळखलं नाहीस, तो तुला ओळखणार नाही. महाभारतातल्या मूळ शकुंतलेच्या कथेत हा शाप नाही. तो कालिदासाने घातला आणि सोडवणूकही कशाने, तर नाव कोरलेल्या अंगठीने. दुर्वासाला आपण तापट म्हातारा म्हणून हसतो, पण त्याच्या शापात हिशोबाची चूक एक पैशाची नाही.

इथवर सगळे थोर लोक झाले. ज्यांच्याकडे तप नाही, ज्यांचं गोत्र विचारायला कुणी थांबत नाही, त्यांचं काय? तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग इथे सुटतो.

आपल्या बोलण्यात शाप दोन जातींचे असतात. एक तपाचा, दुसरा हायेचा. 'गरिबाची हाय घेऊ नये', 'तळतळाट लागेल' असं आपण म्हणतो तेव्हा बोलणाऱ्याच्या पुण्याईबद्दल काहीच सांगत नसतो. तळतळाट तर तोंडाने उच्चारावाही लागत नाही. इथे पणाला लागतं ते मोठेपण नव्हे, लहानपण. 'मी काय बाई, एक गरीब अनाथ' हे वाक्य विनयाचं वाटतं, पण शापाच्या आधी आलं की ते धमकीच्या जवळ जातं. माझ्या मागे कुणी नाही, म्हणून देवाला मध्ये पडावं लागेल, असा त्याचा रोख.

यवतमाळ जिल्ह्यात राळेगाव तालुक्यात रावेरी नावाचं गाव आहे. तिथे सीतेचं मंदिर आहे, आणि त्यात राम नाही. कथा अशी सांगतात, की रामाने टाकलेली सीता इथल्या रानात बाळंत झाली. लेकरांसाठी गावात पसाभर गहू मागायला गेली. गावाने दिला नाही. ती म्हणाली, या गावात गहू पिकणार नाही. आणि पिढ्यानपिढ्या तिथे गहू पिकला नाही, अलीकडे संकरित बियाणं आलं तेव्हापासून पिकतो, असं गावकरी सांगतात. शेतीच्या अंगाने याचा उलगडा करायला कुणाला अडचण नाही: कापूस-ज्वारीचा कोरडवाहू पट्टा, रब्बीला पाणी कुठलं. पण पिकाचं कारण कळलं म्हणून कथेचं कारण कळत नाही. गहू न पिकणारी गावं विदर्भात खंडीभर असतील, सीतेचा शाप सगळ्यांना नाही.

मला या कथेत लक्षात राहतं ते हे, की सीता इथे स्वतःची ओळख वापरत नाही. जनकाची लेक, दशरथाची सून, रामाची राणी, पतिव्रतांची पतिव्रता. दमयंतीहून तिचा 'असेन तर' कमी वजनाचा नव्हता. अग्नीतून ती त्याच्याच बळावर बाहेर आली होती. रावेरीत ती नुसती ओली बाळंतीण आहे. गावाने राणीला नाकारलं नाही, दारात आलेल्या उपाशी बाळंतिणीला नाकारलं, आणि शाप त्याचा लागला. रामाचं नाव घेऊन शाप दिला असता तर ही कथा बायकांनी सांगितली नसती, असं माझं मत आहे. शरद जोशी यांनी पुढाकार घेऊन या मंदिराचा जीर्णोद्धार केला, तोही या टाकलेल्या बाईच्या बाजूने. त्यांच्याच शेतकरी संघटनेने त्याआधी लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत शेतकऱ्यांना जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करायला लावलं होतं. सातबाऱ्यावर नाव येणं म्हणजेही 'मी कोण' याचं उत्तर कागदावर येणं. शापापेक्षा जास्त टिकणारं.

जात्यावरच्या ओव्यांत हेच मन दिसतं. तिथे आई बया असते, मुलगा राघू, मुलगी मैना, भावाला तर विशेषणं पुरत नाहीत. गाणारी स्वतः मात्र कुणाची तरी लेक, बहीण, आई म्हणून येते. सीतेचा वनवास गाताना मात्र तिला एकदम मोकळं बोलता येतं, कारण बोलणारी सीता असते. दुसऱ्याचं नाव घेऊन स्वतःबद्दल बोलायची ही सोय.

पण स्वतःच्या नावाने शिव्याशाप देणारी एक बाई आपल्याकडे होऊन गेली. जनाबाईच्या नावावरचा 'अरे विठ्या अरे विठ्या' हा अभंग तुम्ही नक्की यादीत घ्या. त्यात विठ्ठलाला कारटा म्हटलं आहे, त्याची बायको रंडकी झाली म्हटलं आहे, त्याचं मढं काढलं आहे. गल्लीतल्या भांडणात जे जे निघतं ते सगळं. आणि शेवटी सही: 'उभी राहूनि आंगणीं । शिव्या देत दासी जनी ॥' इथे 'दासी' हा शब्द नम्रतेचा आहे की अधिकाराचा? माझ्या मते अधिकाराचा. घरची मोलकरीणच धन्याला अंगणात उभं राहून शिव्या देऊ शकते, पाहुणा देऊ शकत नाही. ज्या दासीपणाने एरवी मान खाली जाते, त्याच्याच बळावर ती देवाला अरे-तुरे करते. सोयराबाई स्वतःला 'चोखियाची महारी' म्हणवते तेव्हाही मला यातलाच ताठा ऐकू येतो. जी ओळख गावाने शिवीसारखी वापरली, ती देवापुढे सरळ नावासारखी ठेवायची.

एकनाथांचं 'सत्वर पाव गे मला' हे भारूड तर शापांची यादीच आहे. सासरा परगावी गेलाय, त्याला तिकडेच खपव; सासू जाच करते, तिला लवकर निर्दाळ; जाऊ फडाफडा बोलते, तिला बोडकी कर; नणंदेचं पोर किरकिर करतं, त्याला खरूज होऊ दे. बदल्यात भवानीला रोडगा. आध्यात्मिक अर्थ सगळ्यांना माहीत आहे, मी तो सांगत बसत नाही. गंमत अशी, की ज्या ज्या नात्याने ती बाई स्वतःला ओळखते, ते एकेक नातं ती खुडत जाते. सून, भावजय, बायको हे सगळं गेल्यावर शेवटी 'एकलीच राहू दे मला'. प्रेक्षकांतल्या बायका इथे सर्वांत जास्त हसतात, आणि त्यांना अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

आता पूर्ण उलट टोक, गाढवाचं चित्र कोरलेल्या शिळा. यांना गद्धेगाळ म्हणतात. उत्तर कोकणात त्या बऱ्याच सापडतात, शिलाहार आणि यादव काळातल्या. उभा दगड, वर चंद्र-सूर्य, बहुतेकदा मंगलकलश, मध्ये लेख, खाली गाढव आणि बाई. अर्थ असा, की हे दान जो मोडील त्याच्या आईची अशी विटंबना होवो. अलिबागजवळच्या आक्षीच्या शिलालेखाचं प्रचलित वाचन शके 934, म्हणजे इ.स. 1012 असं आहे. त्या वर्षाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, पण तुमच्या कामाला फरक पडत नाही. त्यात केसिदेवराय स्वतःला पश्चिम समुद्राचा अधिपती आणि कोकणचा चक्रवर्ती म्हणवतो. बाराव्या शतकातल्या मुंबईच्या परळच्या लेखात अपरादित्याचं दान संस्कृतात नोंदलं आहे आणि शाप येतो तो मात्र मराठीत. जो हे शासन लोपवील त्याच्यावर वैद्यनाथ देवाची 'भाल', म्हणजे देवाचा दंड, सहकुटुंब पडो, आणि पुढे त्याच्या आईबद्दलचं ते गाढवाचं वाक्य, अगदी उघड शब्दांत. कारण सरळ आहे. दानाची भाषा दरबारासाठी, शापाची भाषा शेताचा बांध कोरणाऱ्यासाठी. आणि ज्याला वाचताच येत नाही त्याच्यासाठी चित्र.

या दगडाकडे 'मी कोण, तू कोण' अशा नजरेने बघा. बोलणारा वर बिरुदांसकट उभा आहे, पण शाप देताना त्यातलं एकही बिरुद तो पणाला लावत नाही. 'मी समुद्राधिपती असेन तर' असं कुठे नाही. त्याला पक्कं ठाऊक आहे, की दान मोडायला कुणी येईल तेव्हा आपण नसू, वंशही कदाचित नसेल. म्हणून साक्षीला चंद्र-सूर्य घेतले, दंडाला देव घेतला. समोरचाही अनोळखी, फक्त 'जो कोणी'. ज्याचं नाव, जात, गाव माहीत नाही अशा भविष्यातल्या माणसाला गाठायचं कसं? प्रत्येकाला आई असते एवढं एकच नक्की, म्हणून आई. आपल्या शिव्यांचा मोठा भाग आजही याच वाटेने जातो. पुरुषांच्या जमिनीच्या व्यवहारात मार मात्र एका बाईच्या देहावर. यावर आणखी भाष्य करायची गरज मला वाटत नाही. ताम्रपटांमधला नेहमीचा संस्कृत श्लोक त्या मानाने सोज्वळ: स्वतः दिलेली किंवा दुसऱ्याने दिलेली भूमी जो हरण करील तो साठ हजार वर्षं विष्ठेतला किडा होईल. 'स्वतः दिलेली' हा शब्द विसरू नका. दाता स्वतःलाही त्या शापाखाली ठेवतो.

पुढे मराठी सनदांत हा 'जो कोणी' जरा स्पष्ट होतो. दान मोडणारा हिंदू असेल तर त्याला गाईची आण, मुसलमान असेल तर सुवराची. म्हणजे शाप मोडणाऱ्याच्याच श्रद्धेवर सोपवला: तू स्वतःला जे म्हणवतोस त्याच्या नावाने तुला धरीन. त्याच काळातल्या महजरांत, म्हणजे गावसभेच्या निवाडपत्रांत, साक्षीदारांच्या सह्या बघा. पाटलाची निशाणी नांगर, बाईची बांगडी, बलुतेदारांची आपापली हत्यारं. अक्षर येत नसलं तरी माणूस स्वतःला कशाने ओळखतो ते कागदावर आहे. बेलभंडार उचलून खरं सांगणारा माणूस अशा निशाणीनिशी स्वतःलाच अटीवर शाप देत असतो, खोटं बोललो तर माझंच वाटोळं होवो असा.

कोकणात देवापुढे घालतात त्या गाऱ्हाण्याचा उल्लेख ओझरताच करतो, कारण त्यावर वेगळं लिहायला हवं. तिथे बोलणारा एकटा असला तरी 'मी' नसतोच; तो 'आमी तुझी लेकरां' म्हणून बोलतो आणि बाकीचे 'व्हय म्हाराजा' म्हणून ते स्वतःचं करून घेतात.

अंगात येणं हा प्रकार जरा सांभाळून हाताळा. तिथे 'मी' कुणाचा हाच पहिला प्रश्न असतो आणि जमलेले लोक तो मोठ्याने विचारतात, 'कोण आलंय?' उत्तर देणारी देवी त्या बाईच्या देहाला 'झाड' म्हणते: माझ्या झाडाला त्रास दिलात, माझ्या झाडाला उपाशी ठेवलंत. जी सून घरात स्वतःबद्दल चकार शब्द काढत नाही, तिच्याबद्दल सगळी तक्रार तिच्याच तोंडून बाहेर येते आणि सासू हात जोडून ऐकते. शापाची भीती खरी, तक्रारही खरी. मात्र याच प्रकाराचा धाक घालून लोकांना लुबाडणारे आणि एखाद्या बाईला चेटकीण ठरवणारेही आहेत. त्यासाठी महाराष्ट्रात 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. असा प्रकार दिसला तर तिथे वही मिटायची आणि मदत बोलवायची.

आता म्हैसूरचा शाप. श्रीरंगपट्टण 1610 मध्ये राजा वोडेयरांच्या हाती गेलं. तिथल्या विजयनगरच्या प्रतिनिधीची पत्नी अलमेलम्मा दागिने घेऊन निघाली, सैनिक पाठीस लागले, आणि कावेरीत उडी घेताना ती म्हणाली: तलकाड वाळू होवो, मालंगी डोह होवो, म्हैसूरच्या राजांना मुलं न होवोत. तुमचं निरीक्षण बरोबर आहे, यात 'असेन तर' नाही. पण उडी आहे. आत्महत्या करताना दिलेल्या शापांत अट बोलून दाखवावी लागत नाही, जीवच पणाला लागलेला असतो. राजस्थान-गुजरातेत चारण लोक (राजांची कवनं रचणारी जात) धरणं धरून स्वतःला जखमा करून घेत, त्यामागेही हीच समजूत. शिवाय या शापातली तिन्ही वाक्यं ठिकाणाच्या आणि घराण्याच्या नावांनी भरलेली आहेत, बोलणारीचं नाव त्यात नाही, आणि तरी चारशे वर्षं लोक ते तिच्या नावानेच सांगतात. तेव्हा हा शाप चौकटीबाहेरचा न मानता, पहिला खांब शब्दांऐवजी कृतीचा असलेला, असा नोंदवा.

कामाच्या दृष्टीने सांगायचं तर तुमच्या तक्त्यात 'शाप कुणी दिला', 'कुणाला दिला', 'काय झालं' एवढेच रकाने आहेत असं दिसतं. 'शाप देण्याआधी स्वतःबद्दल काय म्हटलं' हा रकाना वाढवा आणि तो सांगणाऱ्याच्याच शब्दांत भरा. 'तिने शाप दिला' असं सारांशात लिहिलंत की हवं ते निसटलं. तीच कथा दुसऱ्या तोंडून ऐका, शक्यतो एकदा पुरुषाकडून आणि एकदा बाईकडून. शाप सहसा तोच राहतो, 'असेन तर' बदलतो. कुणी म्हणेल पतिव्रता, कुणी म्हणेल बाळंतीण. आणि गावातल्या हयात माणसांचे शाप, अमक्या घराला तमकीचा तळतळाट लागला वगैरे, ऐकायला मिळतीलच. ते नाव-आडनावासकट कुठेही छापू नका. त्या घरात लग्नाच्या मुली असतात.